पुसलेली जहाजे : कास्पार डाविड फ्रीडरिश आणि ‘समुद्रकाठचा संन्यासी’

१/
बर्लिनच्या ‘आल्टे नॅशनलगॅलरी’ या संग्रहालयात एक समुद्रचित्र आहे. उंची ११० सेंटिमीटर, रुंदी सुमारे १७१ सेंटिमीटर. खाली वाळूचा फिकट पट्टा, त्यामागे काळपट पाण्याची अरुंद पट्टी आणि उरलेल्या साऱ्या कापडावर आभाळ. वाळूवर पाठमोरा उभा असलेला एक इवलासा संन्यासी. पाण्यावर एकही होडी नाही. मात्र १८०८च्या सुमारास चित्रकाराने हे काम हाती घेतले, तेव्हा याच पाण्यावर शिडाची जहाजे होती. ती त्याने स्वतःच्या हाताने बुजवली. त्या बुजवण्याचा हा इतिहास. 🧵

२/
चित्रकाराचे नाव कास्पार डाविड फ्रीडरिश. जन्म ५ सप्टेंबर १७७४, बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या बंदरगावी. आज हे गाव जर्मनीत आहे. त्या काळी तो प्रांत ‘स्वीडिश पोमेरेनिया’ म्हणून ओळखला जाई आणि स्वीडनच्या राजसत्तेखाली होता. वडील साबण आणि मेणबत्त्या तयार करण्याचा व्यवसाय करीत. घर कडक लुथरन वळणाचे. दहा भावंडांत कास्पार सहावा. उत्तरेकडचा समुद्र, धुके, दीर्घ हिवाळा आणि गोठलेले पाणी यांच्या सान्निध्यात त्याचे बालपण गेले.

३/
त्या बालपणावर मृत्यूची छाया लवकर पडली. १७८१मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी बहीण एलिझाबेथ. १७८७च्या हिवाळ्यात बर्फ फुटून भाऊ योहान क्रिस्टोफर बुडाला. पाण्यात पडलेल्या कास्पारला वाचवताना त्याचा जीव गेला, असे सांगितले जाते. कास्पार तेव्हा तेरा वर्षांचा होता. १७९१मध्ये आणखी एक बहीण, मारिया, तापाने दगावली. या दुःखांचा आणि पुढच्या चित्रांचा थेट धागा जोडण्याचा मोह अनेक चरित्रकारांना झाला आहे. तसा लेखी पुरावा मात्र नाही. चित्रकाराने आपल्या चित्रांचे असे स्पष्टीकरण दिलेले नाही.

४/
१७९४ ते १७९८ या काळात त्याने कोपनहेगनच्या कला अकादमीत शिक्षण घेतले आणि नंतर तो ड्रेस्डेनला स्थायिक झाला. सुरुवातीची अनेक वर्षे तो तैलरंगांपेक्षा तपकिरी सेपिया शाईतच अधिक काम करी. मायभूमीची ओढ मात्र कायम राहिली. ग्राइफ्सवाल्ड आणि जवळचे ऱ्यूगेन बेट येथे तो वारंवार जाई, किनारे पायी हिंडे आणि वह्या रेखाटनांनी भरून आणी. १८०५मध्ये महाकवी गटे यांच्या पुढाकाराने वायमार येथे होणाऱ्या स्पर्धेत त्याला बक्षीस विभागून मिळाले. स्पर्धेचा विषय ग्रीक वीर हर्क्युलिसचे पराक्रम हा होता. फ्रीडरिशने पाठवली होती निसर्गचित्रे!

५/
त्या काळी समुद्रचित्र म्हटले की रसिकांच्या डोळ्यांसमोर एक ठरीव मांडणी उभी राही. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी ती रुळवली होती. पाण्यावर डौलदार जहाजे, किनाऱ्यावर कोळी, कडेला खडक किंवा झाड, वर ढगांची नाट्यमय गर्दी. वादळ असेल तर फुटलेले गलबत आणि जिवाच्या आकांताने हात उंचावणारी माणसे. समुद्र हे व्यापाराचे, युद्धाचे आणि संकटाचे रंगमंच होते. पात्रांवाचून रंगमंच दाखवण्याची रीत नव्हती. शिवाय अकादमींच्या श्रेणीत निसर्गचित्राचे स्थान खालचे. धार्मिक आणि ऐतिहासिक चित्रांचा मान वरचा.

६/
या श्रेणीला फ्रीडरिशने पहिला धक्का दिला तो १८०८च्या नाताळात. त्याने ड्रेस्डेनमधील आपली कार्यशाळा लोकांसाठी खुली केली आणि वेदीवर ठेवण्यासाठी काढलेले एक चित्र दाखवले. त्यात खडकाळ डोंगरावर, फरच्या झाडांमध्ये, येशूचा क्रूस होता; पण तोही पाठमोरा, दूर, निसर्गाचाच एक भाग होऊन उभा. फ्रीडरिश फॉन रामडोर या समीक्षकाने जानेवारी १८०९मध्ये त्यावर कडाडून टीका केली. निसर्गचित्राने चर्चमध्ये शिरावे आणि थेट वेदीवर चढून बसावे, हा त्याच्या मते उद्धटपणा होता. जर्मन कलाजगतात मोठा वाद पेटला.

७/
बाहेरचे जगही कोसळत होते. ऑक्टोबर १८०६मध्ये येना आणि आउअरश्टेट येथे नेपोलियनने प्रशियाचा दणदणीत पराभव केला. १८०७च्या टिल्सिट तहाने प्रशियाचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला. फ्रेंच फौजा १८०८च्या अखेरपर्यंत बर्लिनमध्ये तळ ठोकून होत्या. फ्रीडरिश राहत होता तो सॅक्सनी तर नेपोलियनचा मित्र बनला होता आणि त्याच्याच कृपेने राज्याचे ‘किंग्डम’ झाला होता. फ्रीडरिश कट्टर फ्रेंचविरोधी होता. असा कलावंत, अशा काळात, एका रिकाम्या किनाऱ्याचे चित्र रंगवत होता.

८/
चित्र एका दमात पूर्ण झाले नाही. सुमारे दोन वर्षे ते कार्यशाळेत होते आणि त्या काळात येणारे-जाणारे पाहुणे ते पाहत होते. त्यांपैकी काहींनी पत्रांत, टिपणांत त्याचे वर्णन लिहून ठेवले. एकाच चित्राच्या वेगवेगळ्या अवस्थांची अशी वर्णने मिळणे ही इतिहासाच्या अभ्यासकाला लाभलेली दुर्मीळ देणगी होय. यातील सर्वांत बोलके पत्र आहे मारी हेलेने फॉन क्युगेल्गेन यांचे. त्या गेरहार्ड फॉन क्युगेल्गेन या चित्रकाराच्या पत्नी. फ्रीडरिशशी या कुटुंबाचा घरोबा होता.

९/
१८०९च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या या पत्रात त्यांनी चित्रात काय नाही याची जणू यादीच केली आहे. आभाळ अफाट, पण त्यात वादळ नाही, सूर्य नाही, चंद्र नाही. वादळ असते तरी बरे वाटले असते, कारण निदान काहीतरी हालचाल दिसली असती, अशी त्यांची तक्रार. समुद्रावर होडी नाही, जहाज नाही, एखादा जलराक्षसही नाही. वाळूत गवताचे पाते नाही. उडणारे काही समुद्रपक्षी तेवढे आहेत आणि त्यांच्यामुळे एकाकीपणा अधिकच भयाण वाटतो. एका जाणत्या, स्नेही प्रेक्षकाची ही प्रतिक्रिया आहे, हे विशेष.

१०/
आता दुसरा पुरावा. विसाव्या शतकात या चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली. हे किरण रंगाच्या वरच्या थरांतून आत शिरतात आणि खालचे रेखाटन दाखवतात. संन्याशाच्या दोन्ही बाजूंना पाण्यावर शिडाची जहाजे आखलेली आढळली. याचा अर्थ फ्रीडरिशने आरंभ रूढ पद्धतीनेच केला होता. आणि पत्राची तारीख सांगते, की १८०९च्या उन्हाळ्यापूर्वीच त्याने ती झाकून टाकली होती. एकीकडे प्रयोगशाळा, दुसरीकडे एका स्त्रीचे खासगी पत्र. दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळतात.

११/
बदल इथेच थांबले नाहीत. आभाळही पुन्हा पुन्हा रंगवले गेले. १८१०च्या एका पाहुण्याच्या नोंदीत याच चित्रात उतरता चंद्र आणि पहाटेचा शुक्रतारा असल्याचे वर्णन येते. आज चित्रात चंद्रही नाही आणि ताराही नाही. म्हणजे प्रदर्शन तोंडावर आले असतानाही फ्रीडरिश काही घालून पाहत होता आणि काढून टाकत होता. चंद्र-ताऱ्यांना ख्रिस्ती प्रतीकांच्या भाषेत आशेचा अर्थ होता. तो दिलासाही अखेर पुसला गेला.

१२/
जहाजे गेल्याने नेमके काय झाले? जहाजाचा आकार डोळ्याला माहीत असतो, म्हणून त्यावरून अंतर कळते. डोलकाठीची उभी रेघ पाणी आणि आभाळ यांना जोडते. जहाज निघून गेले, की मोजण्याचे माप हरवते. क्षितिज चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड धावते. कडेला झाड नाही, खडक नाही. त्यामुळे दृश्य दोन्ही बाजूंना पुढेही पसरले असावे असे वाटते. चित्रात ठळक उभी रेघ एकच, संन्याशाची. तीही इतकी लहान, की काळोख्या पाण्याच्या पट्टीतच सामावून जाते. डोके क्षितिजाच्या वर जात नाही.

१३/
संन्यासी पाठमोरा असल्याने त्याचा चेहरा दिसत नाही. तो प्रार्थना करतो आहे, शोक करतो आहे की नुसताच पाहतो आहे, हे सांगण्याची सोय चित्रकाराने ठेवलेली नाही. चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक आपोआप त्याच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. स्वतः फ्रीडरिशने एका पत्रात या चित्राविषयी लिहिले, त्याचा आशय असा : माणसाने अहोरात्र चिंतन केले, तरी पलीकडच्या अगम्याचा थांग त्याला लागणार नाही.

१४/
फ्रीडरिशची कार्यशाळाही या चित्रासारखीच होती. त्याचा मित्र गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग याने १८११मध्ये तिचे चित्र काढले. भिंती उघड्या, खोलीत चित्रफलक, खुर्ची, भिंतीवर टांगलेले रंगपाट आणि आखणीची पट्टी. खिडकीचा खालचा भाग बंद केलेला, उजेड फक्त वरून. बाहेरचे दृश्य आत येऊ नये, अशी ही व्यवस्था. ज्या चित्रकाराने आयुष्यभर डोंगर आणि समुद्र रंगवले, तो काम करताना त्यांकडे पाठ फिरवून बसे. निसर्ग वहीत टिपायचा आणि चित्र मनात घडवायचे, ही त्याची रीत होती.

१५/
१८१०च्या शरद ऋतूत हे चित्र बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात दाखल झाले. त्याच्या खाली त्याचे जोडचित्र लावले होते, ‘ओकवनातील मठ’. त्यात बर्फाच्छादित दफनभूमी, निष्पर्ण ओकवृक्ष, मठाचा भग्न दरवाजा आणि शवपेटी घेऊन त्यातून जाणारे संन्यासी आहेत. ते भग्नावशेष ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाचे. फ्रीडरिशच्या बालपणापासून ओळखीचे. वर विचारात बुडालेला एक संन्यासी, खाली एक अंत्ययात्रा. तो एकाच संन्याशाचा प्रवास आहे का, हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात.

१६/
बर्लिन तेव्हा शोकात होते. लोकांची लाडकी राणी लुईझे जुलै १८१०मध्ये वारली होती आणि पराभवाच्या जखमा ओल्या होत्या. याच शहरात १ ऑक्टोबरपासून हाइनरिश फॉन क्लाइस्ट हा नाटककार ‘बर्लिनर आबेंडब्लेटर’ नावाचे छोटेखानी सायंदैनिक काढू लागला होता. क्लेमेन्स ब्रेन्टानो आणि आखिम फॉन आर्निम या कवींनी त्याला या चित्रावर एक लेख दिला. चित्रासमोर जमलेल्या लोकांचे संवाद त्यांनी खुसखुशीतपणे रचले होते. प्रेक्षक गोंधळतात, भलतेच बोलतात, निघून जातात, असा एकूण सूर.

१७/
क्लाइस्टने तो लेख जवळजवळ नव्याने लिहून १३ ऑक्टोबरच्या अंकात छापला. थट्टा गळून पडली आणि त्या जागी एक अस्वस्थ करणारा अनुभव आला. मृत्यूच्या विशाल प्रदेशात जिवंतपणाची एकुलती ठिणगी, असे त्याला त्या संन्याशाकडे पाहून वाटले. चित्राला चौकटीखेरीज पुढचा भागच नाही, हे त्याने अचूक हेरले. आणि त्यापुढे त्याने एक विलक्षण उपमा योजली : हे चित्र पाहताना आपल्या पापण्याच कापून टाकल्या आहेत असे वाटते. डोळे मिटण्याची, नजर वळवण्याची मुभाच उरत नाही.

१८/
मूळ लेखक अर्थातच संतापले. क्लाइस्टला काही दिवसांतच खुलासा छापावा लागला. त्याचा मथितार्थ असा, की लेखातील अक्षरे त्या दोघांची, परंतु आत्मा आणि जबाबदारी आपली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याचे दैनिक बंद पडले. २१ नोव्हेंबर १८११ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बर्लिनजवळच्या वानझे सरोवराकाठी त्याने स्वतःवर गोळी झाडली. फ्रीडरिशच्या चित्रावरचा त्याचा तो छोटा लेख आज कलासमीक्षेच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो.

१९/
क्युगेल्गेन बाईंना खटकलेले आणि कवींना गोंधळात टाकणारे हे चित्र विकत कोणी घेतले? प्रशियाच्या राजाने! जेमतेम पंधरा वर्षांच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मने, आग्रह धरला आणि तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने दोन्ही चित्रे खरेदी केली. त्याच वर्षी बर्लिन अकादमीने फ्रीडरिशला सदस्यत्व दिले. जहाजे पुसण्याचा धोका पत्करलेल्या चित्रकाराला छत्तिसाव्या वर्षी कीर्ती लाभली.

२०/
ती टिकली नाही. १८१५नंतर नेपोलियन गेला, पण फ्रीडरिशला अपेक्षित असलेले स्वातंत्र्य आले नाही. जुन्या राजवटी परतल्या आणि दडपशाही वाढली. रसिकांची आवड वास्तवदर्शी, चैतन्यपूर्ण निसर्गचित्रांकडे वळली. काही काळ रशियन राजघराण्याच्या खरेदीने आधार दिला. १८३५मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि तैलरंगांचे काम जवळपास थांबले. ७ मे १८४० रोजी ड्रेस्डेनमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा कलाजगत त्याला जवळजवळ विसरून गेले होते.

२१/
पुनर्शोधाला अर्धशतक लागले. आंद्रेआस ओबेर्ट या नॉर्वेजियन कलाइतिहासकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्यावर लिहायला सुरुवात केली. १९०६मध्ये बर्लिनच्या नॅशनलगॅलरीत शंभर वर्षांच्या जर्मन कलेचे भव्य प्रदर्शन भरले; त्यात फ्रीडरिशची तीसहून अधिक चित्रे होती. लोक थक्क झाले. परंतु काही चित्रे तोवर नष्ट झाली होती आणि काही पुढे होणार होती. १९३१मध्ये म्युनिकच्या काचमहालाला लागलेल्या आगीत त्याची अनेक चित्रे भस्मसात झाली.

२२/
याहून मोठे संकट वेगळ्याच स्वरूपाचे होते. १९३३नंतर नाझी प्रचारकांनी फ्रीडरिशला ‘शुद्ध जर्मन, नॉर्डिक आत्म्याचा’ चित्रकार म्हणून डोक्यावर घेतले. जो माणूस त्यांच्या सत्तेच्या ९३ वर्षे आधी वारला, ज्याचा जन्म स्वीडनच्या अंमलाखाली झाला आणि ज्याने डेन्मार्कमध्ये शिक्षण घेतले, त्याच्या रिकाम्या क्षितिजावर त्यांनी आपला झेंडा रोवला. युद्धानंतर बराच काळ त्याच्या नावाभोवती संशय रेंगाळला. १९७२चे लंडनमधील आणि १९७४चे हॅम्बुर्ग व ड्रेस्डेनमधील प्रदर्शन यांनंतर ते सावट विरले.

२३/
दरम्यान अटलांटिकपलीकडे वेगळाच वारस शोधला गेला होता. रॉबर्ट रोझेनब्लूम या अमेरिकन कलाइतिहासकाराने १९६१मध्ये फ्रीडरिशचे हे चित्र मार्क रॉथकोच्या अमूर्त रंगपटांशेजारी ठेवून पाहिले. आडव्या पट्ट्या, धूसर कडा आणि समोर उभा असलेला एकटा माणूस. फरक एवढाच, की रॉथकोच्या बाबतीत तो माणूस चित्रात नसून दालनात उभा असतो. १८१०च्या समुद्रचित्रात विसाव्या शतकातील अमूर्त कलेची पूर्वखूण आहे, हे मत तेव्हापासून रुजले.

२४/
२०१३ ते २०१६ या काळात बर्लिनमध्ये या जोडचित्रांचे संवर्धन झाले. वर्षानुवर्षे पिवळसर, मळकट पडलेले वार्निश आणि आधीच्या दुरुस्तीतले जादा रंग काळजीपूर्वक काढण्यात आले. त्याखालून निळे, करडे, तलम थर पुन्हा दिसू लागले. ज्याला पिढ्यानपिढ्या ‘काळोखी’ चित्र समजले जात होते, त्यातला काही काळोख निव्वळ जुन्या वार्निशाचा होता! २०२४मध्ये, फ्रीडरिशच्या जन्माला २५० वर्षे झाली तेव्हा, हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन या तिन्ही शहरांत त्याची मोठी प्रदर्शने भरली.

२५/
क्युगेल्गेन बाईंना या किनाऱ्यावर भयाण एकांत दिसला, क्लाइस्टला मृत्यूचा प्रदेश, नाझींना वंशाचा आत्मा आणि रोझेनब्लूमला अमूर्त कलेचा आरंभ. जहाजे तशीच राहिली असती, तर ते शिडांचे एक सुबक चित्र झाले असते आणि त्याचा अर्थ जहाजांनीच सांगितला असता. अवरक्त छायाचित्रात ती आजही दिसतात. संग्रहालयात प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहिले, तर मात्र वाळू, पाणी, आभाळ आणि एक पाठमोरा माणूस एवढेच दिसते. फ्रीडरिशने दोन वर्षे खपून तेवढेच शिल्लक ठेवले होते.

#इतिहास #कलाइतिहास #चित्रकला #मराठी